बेट निवडताना आधी पाऊस बघा

नाशिककरांच्या बेटसहलीची सुरुवात बहुधा अंदमानपासून होते. भगूरच्या सावरकरांमुळे सेल्युलर जेल आपल्याला घरचंच वाटतं. पण मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात, आणि मान्सून अंदमानात थडकतो तोही साधारण 20 मेच्या सुमारास! समुद्र खवळला की पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणाऱ्या बोटी रद्द होतात आणि राधानगरचा किनारा राहून जातो. डिसेंबर ते एप्रिल जमत असेल तरच अंदमान गाठावं.

लक्षद्वीपचं पाणी देखणं, पण परवाना आधी काढावा लागतो. विमान कोचीहून अगत्तीला. आयत्या वेळी ठरवणाऱ्यांनी नाद सोडावा. मालदीवला व्हिसा विमानतळावरच मिळतो. तिथे खिसा रिकामा होतो तो हॉटेलपर्यंतच्या स्पीडबोटीने. बुकिंगआधी ते भाडं विचाराच.

मेमध्येच जायचं तर विषुववृत्ताच्या दक्षिणेला पाहा. मॉरिशसमध्ये चक्रीवादळांचा मोसम एप्रिलपर्यंत ओसरतो, मेपासून हवा सुखद. शिवाय तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा मराठी समाज आहे, गणपतीही बसतात. बालीही तेव्हा कोरडंच असतं, पण गर्दी फार. मी तरी मॉरिशसच निवडेन.