तांबड्या उजेडाची वहिवाट

चेहऱ्यावर बांधावयाचा दिव्यांचा मुखवटा, गुडघ्याभोवती गुंडाळावयाचा पट्टा, टाळूवरून फिरवावयाची फणी, अशा नाना रूपांनी तांबडा प्रकाश आता मोबाइलवरील जाहिरातींच्या मार्गे बारामतीच्या पेठेत आणि इंदापूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत येऊन पोहोचला असून, सुरकुत्यांपासून सांधेदुखीपर्यंत यच्चयावत व्याधींवर तो गुणकारी असल्याची ग्वाहीही त्याच्याबरोबर मिळते. या मुलखाला हा उजेड नवा नाही. गेल्या काही दशकांत तो येथे निरनिराळ्या कामांवर रुजू झाला. आणि एका कामी मिळविलेली त्याची पत दुसऱ्याच कामाच्या खाती कशी जमा होत गेली, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

मनुष्याच्या आधी त्याची सेवा लाभली ती कोंबड्यांना. उसाच्या जोडीला कुक्कुटपालनाचा धंदा येथे जम धरू लागला, तेव्हा एक दिवसाच्या पिलांना पहिल्या आठवड्यात तेहतीस-चौतीस अंशांची ऊब देण्यासाठी शेडमध्ये तांबडे दिवे टांगले गेले. पिले दिव्याखाली दाटीने गोळा झाली की ऊब कमी पडते आहे, आणि कडेला पांगून चोची वासून धापा टाकू लागली की ती फाजील झाली आहे, हे शेडवरचा गडी तापमापकाकडे ढुंकूनही न पाहता सांगतो. तांबड्या उजेडात जखमेचे रक्त उठून दिसत नसल्यामुळे पिलांचे एकमेकांना टोचणेही कमी होते. आणि अंड्यावरच्या कोंबडीच्या बाबतीत तर हा दीर्घ तरंगलांबीचा प्रकाश कवटीच्या पातळ हाडातून थेट मेंदूपर्यंत शिरून अंडी घालण्याची प्रेरणा देतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले आहे.

वनस्पतींचा पुरावाही तितकाच सबळ होय. उसाला तुरा येणे न येणे हे लांबत्या रात्रीवर अवलंबून असते, आणि शेवंतीच्या मळ्यात मध्यरात्री थोडा वेळ दिवे लावले की फूल लांबणीवर पडते. यामागे तांबड्या प्रकाशाने जागृत होणारे फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य आहे, ज्याचा माग अमेरिकेतील बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगक्षेत्रावर 1952 च्या सुमारास लागला. परंतु कोंबडीची कवटी मनुष्याला नाही, आणि उसाचे रंगद्रव्यही नाही.

मनुष्याच्या वाट्याला हा उजेड आला तो शेकाच्या रूपाने. हंगामभर कोयता चालवून किंवा मोळी डोक्यावर वाहून कंबर धरलेला माणूस दवाखान्यात पालथा झोपतो, चाकांच्या स्टँडवरील दिवा त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर आणला जातो, आणि पंधरा-वीस मिनिटांत स्नायू सैल पडून त्याला खरोखरीच बरे वाटते. यात लबाडी काहीच नाही. मात्र आराम देते ती डोळ्यांना न दिसणारी अवरक्त उष्णता, दिव्याचा तांबडा रंग नव्हे. नव्या मुखवट्यातील दिवे फारसे तापतच नाहीत, तरीही ‘लाल लाइटने कंबर मोकळी झाली’ हा जुना अनुभव त्यांच्या खपाला बिनबोभाट उपयोगी पडतो.

अशीच उसनवारी डेन्मार्कच्या नील्स फिनसेन यांच्या नावावर चालते. देवीच्या रोग्याला तांबड्या प्रकाशाच्या खोलीत ठेवल्यास व्रण राहत नाहीत, असे त्यांनी 1893 साली प्रतिपादन केले होते. ते पुढे टिकले नाही. 1903 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते त्वचेच्या क्षयावरील उपचारासाठी, आणि त्या उपचारातील दिव्याचे सामर्थ्य वर्णपटाच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या किरणांत होते. नवजात अर्भकाची कावीळ उतरविणारा दिवाही निळा असतो. इंदापूरकडे जाणाऱ्या सोलापूर रस्त्यावर उरुळीकांचन येथे गांधीजींनी 1946 मध्ये निसर्गोपचाराचे जे कार्य सुरू केले, त्यात सूर्यस्नानाला स्थान होते खरे, पण त्या उन्हात सर्वच रंग होते आणि त्याचे बिल येत नसे.

आजच्या उपचाराची खरी वंशावळ बुडापेस्टपासून सुरू होते. तेथे एंद्रे मेस्टर यांनी 1967 च्या सुमारास उंदरांची पाठ भादरून तीवर सौम्य तांबडा लेसर सोडला, तेव्हा केस अधिक वेगाने उगवले. पेशींतील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर हा प्रकाश शोषून घेत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे देण्यात आले, आणि त्यावरील वाद अजून मिटलेला नाही. केस विरळ होण्यावर काहीसा लाभ दिसतो. सुरकुत्यांवरचे प्रयोग लहान आहेत. सांधेदुखीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. मात्रा वाढविली की गुण वाढतो असेही नाही, उलट ती फाजील झाल्यास तो नाहीसाही होऊ शकतो, आणि डोळ्यांवर थेट पडणारा प्रखर प्रकाश निर्धोक मानता येत नाही.

आश्चर्य असे की जेथे पुरावा सर्वांत भक्कम आहे, त्या उपयोगाची जाहिरात कोणीच करीत नाही. मिसरी, तंबाखू आणि गुटखा यांनी ग्रासलेल्या आपल्या प्रांतात तोंडाच्या कर्करोगाचे रोगी थोडे नाहीत. किरणोपचार चालू असता त्यांचे तोंड आतून इतके सोलवटते की भाकरी दूरच, पातळ पेजही गिळवत नाही. अशा रोग्यांवर कर्नाटकातील मणिपाल येथे झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य तांबड्या लेसरने या जखमांची तीव्रता व वेदना कमी झाल्याचे आढळले, आणि आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानेही या उपायाची शिफारस केली आहे. मात्र तो किरणोपचाराच्या वेळापत्रकाला जोडून, तोंडातील ठरावीक जागी, मोजलेल्या मात्रेत आणि अर्बुदावर थेट प्रकाश न पडेल अशा दक्षतेने तज्ज्ञाकडूनच करवून घ्यावा लागतो. तेव्हा बारामती-इंदापुरातून किरणोपचारासाठी पुण्याला किंवा सोलापूरला जाणाऱ्याने, ही सोय तेथे आहे काय, याची चौकशी पहिल्याच भेटीत करावी.