आवड, कौशल्य आणि व्यवसायाची निवड

प्रस्तावना

‘मराठी घेऊन पुढे काय करणार?’ हा प्रश्न तुम्हांला कोणी ना कोणी विचारला असेलच. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकत आहेत. अशा वेळी निवड चुकली, तर त्याची किंमत तुमच्यावर अवलंबून असणाऱ्यांनाही मोजावी लागते. म्हणून भाषेशी संबंधित व्यवसायांच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार करू.

आवड व कौशल्य यांतील भेद

‘मला वाचनाची आवड आहे’ हे विधान तुमच्या मनाचा कल सांगते. तुम्ही कोणते काम किती अचूकपणे करू शकता, हे ते सांगत नाही. आवड आपल्याला कामाकडे नेते, कौशल्य त्या कामात टिकवते. एक असले की दुसरे असतेच, असे नाही. काही वेळा तर आवड कौशल्याच्या आड येते.

मुद्रितशोधनाचे उदाहरण घ्या. रसिक वाचक अर्थाच्या ओघात पुढे जातो. ओळखीचा शब्द तो अक्षर-अक्षर लावून वाचत नाही. त्यामुळे गळलेला काना किंवा अनुस्वार त्याच्या नजरेतून सुटतो. मुद्रितशोधकाला मात्र तो ओघ थोपवून प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागते. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविसंमेलन’मधील ‘वि’ ऱ्हस्व का, याचे कारण त्याला ठाऊक असावे लागते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ मधील १४ आणि १९७२ मध्ये भर घातलेले ४, असे लेखनविषयक १८ नियम त्याच्या हाताशी असावे लागतात. कादंबऱ्यांचे वेड असलेली व्यक्ती या कामाला कंटाळू शकते. उलट हिशेबाच्या वह्या तपासून जिची नजर तयार झाली आहे, ती येथे सहज रमू शकते.

अनुभवाचे मोल

अनुवादासाठी दोन भाषा येणे आवश्यक असते, परंतु पुरेसे नसते. ‘ऑर्डर’ हा एकच इंग्रजी शब्द न्यायालयाच्या कागदात ‘आदेश’, व्यापारी पत्रात ‘मागणी’, तर वाक्यरचनेच्या चर्चेत ‘क्रम’ होतो. भाषा संचालनालयाच्या ‘शासन व्यवहार कोशा’सारखे कोश प्रतिशब्द पुरवतात, पण त्यांतील कोणता कोठे योग्य, हे त्या क्षेत्राचा परिचय असणाऱ्यास लवकर उमगते. बँकेत, दवाखान्यात किंवा तहसील कार्यालयात काढलेली वर्षे म्हणूनच वाया गेलेली नसतात. ते तुमचे भांडवल आहे. व्यवसाय निवडताना पदवीबरोबर त्याचीही नोंद करा.

स्वतःची पारख कशी करावी?

कौशल्याचा अंदाज मनाने बांधू नये. तो प्रत्यक्ष काम करून घ्यावा. पुढील कृती करून पाहा.

१. परिचिताला एका उताऱ्यात १० चुका मुद्दाम घालावयास सांगा. दोन दिवसांनी तो उतारा तपासा. किती चुका सापडल्या आणि तास-दीड तासानंतरही लक्ष टिकले का, हे पाहा.

२. एखादा शासन निर्णय सोप्या मराठीत लिहून शेजाऱ्यांना वाचावयास द्या. त्यांना काय कळले, ते त्यांच्याच शब्दांत सांगू द्या.

३. निवेदनाची ओढ असल्यास वृत्तपत्रातील मजकूर पाच मिनिटे वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि स्वतः ऐका. शब्द अडखळतात का, विराम योग्य जागी येतात का, याकडे लक्ष द्या.

पहिल्या प्रयत्नातील अपयश म्हणजे अपात्रता नव्हे. महिनाभर सराव करून तीच कृती पुन्हा करा. प्रगती दिसली आणि कामाचा कंटाळाही आला नाही, तर तो मार्ग तुमचा असण्याची शक्यता मोठी. तरीही हातची नोकरी लगेच सोडू नका. आधी सुट्टीच्या वेळेत छोटी कामे घ्या. मोबदला किती आणि किती दिवसांनी मिळतो, हे अनुभवा.

समारोप

आवड, कौशल्य आणि पूर्वानुभव ही तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथे व्यवसाय टिकतो. यांपैकी कौशल्य सरावाने वाढवता येते, हे वयाच्या कोणत्याही टप्प्यावर ध्यानात ठेवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

तुमच्या सध्याच्या कामातून मिळालेली कोणती दोन कौशल्ये भाषाविषयक व्यवसायात उपयोगी पडतील? प्रत्येकी एका उदाहरणासह आठ-दहा ओळींत लिहा.