बेचाळीस पॉइंट

स्वतःच्या नावावर घेतलेलं माझं पहिलं काम बेचाळीस पॉइंटांचं होतं. बीडमधलं जुनं घर, चार खोल्या, जिना आणि वर एक पत्र्याची खोली. उभ्या उभ्या पंखे, ट्यूब, प्लग मोजले, २५० नं गुणलं आणि १०,५०० मजुरी सांगितली. सामान मालकाचं. सहा दिवसांत उरकेल असा अंदाज होता, लागले अकरा. हाताखालच्या पोराला रोजचे ५०० प्रमाणे ५,५०० गेले. कटरची पाती, बिटं, पेट्रोल यांत ७०० गेले. राहिले ४,३००. अकरा दिवस राबून मला दिवसाचे ४०० सुद्धा पडले नाहीत.

हिशोब बरोबर होता, भाव चुकीचा धरला होता. पॉइंटचा भाव हा नव्या बांधकामाचा भाव आहे. तिथं स्लॅब भरायच्या आधी पाईप पडलेले असतात, भिंतीला प्लास्टर नसतं, घरात कुणी राहत नसतं. जुन्या घरात सकाळी आधी कपाट, धान्याच्या कोठ्या, गाद्यांचा ढीग सरकवायचा. दुपारी स्वयंपाकघर मोकळं मिळायची वाट बघायची. आणि संध्याकाळी दिवे लावून द्यायचे, कारण माणसं त्याच घरात झोपणार असतात. तात्पुरती लाइन रोज जोडायची, रोज सोडायची. या कामाचे दीड-दोन तास कुठल्याच पॉइंटात बसत नाहीत.

त्या अकरांतले दोन अख्खे दिवस एका न्यूट्रलपायी गेले. जिना आणि वरची खोली यांची लाइन जुनीच ठेवायची ठरली होती. मी नवीन डीबी लावली, आरसीसीबी बसवली, चालू केली की उडायची. आरसीसीबी तिच्यातून गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघते. घरासाठीची असते ३० मिलीअँपिअरची. तेवढा फरक पडला की ती लाइन तोडते, आणि माणूस वाचतो तो त्यामुळेच. इथं मात्र कुठं गळती सापडेना. एकेक दिवा सोडवत गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी उलगडलं. मागे कुणीतरी इन्व्हर्टर बसवताना जिन्याच्या दिव्याला फेज इन्व्हर्टरवरून दिला होता आणि न्यूट्रल जवळच्या बोर्डातून उचलला होता. म्हणजे करंट आरसीसीबीला बगल देऊन जायचा आणि परतताना तिच्यातून यायचा. जुन्या फ्यूजवर असलं काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. तारा सगळ्या काळ्या, आणि जोड प्लास्टरखाली, कपाटामागं. सापडल्यावर दुरुस्तीला वीस मिनिटंही लागली नाहीत. शोधायच्या दोन दिवसांचे पैसे मात्र मागता येईनात, कारण शब्द दिलेला होता.

आयटीआयच्या वायरमन ट्रेडला दोन वर्षांत तार ओढायला शिकवतात, जोड द्यायला शिकवतात, मेगर लावायला शिकवतात. तारतंत्री परवान्याच्या परीक्षेतही हेच विचारतात. भिंतीच्या आत काय आहे ते न दिसता त्याची किंमत कशी सांगायची, हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्या भागात कामाची माणसं पुष्कळ आहेत. त्यातली बरीच दोन-चार उक्ती कामं अंगावर घेतात, त्यात बुडतात आणि पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली रोजानं जातात. हात चांगला असलेली माणसं केवळ हिशोबापायी मागं पडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मी उंबऱ्यातून भाव सांगत नाही. पाटोद्याकडच्या एका गावात परवा काम बघायला गेलो होतो. पुढच्या दोन खोल्या दगड-मातीच्या, मागच्या दोन विटांच्या, स्लॅबच्या. घरधनी साठीच्या पुढचे. मी म्हणालो, "बप्पा, आधी दोन बोर्ड उघडून बघतो, मग आकडा सांगतो."

"काय उघडायचंय त्यात? परवा एक जण आलता, त्यानं दारातूनच सांगितलं."

तरी उघडू दिलं. मेन बंद करून मीटरच्या सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात लांबचा, असे दोन बोर्ड मी उघडतो. लांबच्या बोर्डाचा स्क्रू फिरवला तशी मागून पांढरी माती आणि पालीची अंडी घरंगळली. तार ॲल्युमिनियमची. बोटानं जरा वाकवली की वरचं आवरण खपलीसारखं सुटत होतं. जोडाच्या जागी ते जळून काळं झालेलं, आणि त्याच लाइनीवर कूलर चालत होता. या तारेत नवीन काही जोडायचं नाही, हे तिथंच ठरलं. मातीच्या भिंतीत झिरी मारली तर भिंतच ढासळते, म्हणून पुढच्या खोल्यांना वरून केसिंग पट्टी. तिथं प्लास्टिकची गुट्टी धरत नाही, लाकडाची ठोकावी लागते, वेळ दुप्पट जातो. विटांच्या भिंतीचा आणि मातीच्या भिंतीचा भाव मी आता वेगळा लावतो.

तारेचा भाव मी माझ्या कागदावर लिहितच नाही. तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात हलतो आणि बीडच्या दुकानातली यादी बदलते. मी फक्त माप लिहून देतो. दिव्यांना दीड एमएम, पॉवर प्लगला अडीच, मेनला चार, ९० मीटरची किती बंडलं. मालकानं स्वतः जाऊन घ्यावीत. दुकानातून वायरमनला वेगळं काही सुटतं, हे मालकाच्या मनात असतंच, आणि त्या संशयानं मजुरीची घासाघीस वाढते.

कागदावर तीन आकडे टाकले. दिसतंय त्या कामाचा एक. उघडल्यावर जुना गोंधळ निघाला तर त्याचा रोजानं भाव, जास्तीत जास्त किती दिवस तेही लिहून. तिसरा अर्थिंगचा, ४,५००.

"हे तिसरं काढून टाक," बप्पा म्हणाले. "खिळा हाय की ठोकलेला अंगणात."

मी सगळ्यांना लांब उभं केलं. होल्डरला शंभरचा बल्ब लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख लागला. फेज आणि त्या खिळ्याची तार यांच्यात धरला, तर आतली तार साधी लालही झाली नाही. "कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर या खिळ्यातून जाणार नाही बप्पा, हात लावील त्याच्यातून जाईल." आमच्याकडं उन्हाळ्यात कूलरला चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. नातवंडं ओल्या फरशीवर त्या कूलरपुढंच खेळत होती.

बाहेर येऊन त्यांनी अंगणात टाच आपटली. तिकडं वीतभर मातीखाली मुरूम लागतो, पहार वाजते. अडीच मीटरचा पाईप पुरायचा तर दोन माणसांचा दिवस जातो, म्हणून तो आकडा. ते सगळं मी सांगितलं. पैशाचे टप्पे सांगितले. अर्धे सुरुवातीला, पाव तार ओढल्यावर, पाव बल्ब लागल्यावर.

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "खड्डा माझी पोरं काढतील. कारखान्यावरून पाडव्याला येत्यात. त्याचे किती कमी?"

मी ४,५०० खोडून ३,००० लिहिले, आणि पुढं लिहिलं, खड्डा घरचा, आठ फूट.