‘अंतिम’ प्रत कोणती?



गेल्या वर्षी वार्षिक अंकाच्या वेळी कार्यालयातील संगणकावर एकाच मजकुराच्या चार फाइली होत्या. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम दुरुस्त’ आणि ‘अंतिम २’. छपाईला जी गेली, तिच्यात मराठीच्या बाईंनी केलेल्या दुरुस्त्याच नव्हत्या. ती फाइल मीच पाठविली होती.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न याहून फार मोठा असतो. लिनक्सचा गाभा १९९१ पासून देशोदेशीचे हजारो लोक मिळून लिहीत आले आहेत. त्यांचे काम सांभाळणारे बिटकीपर हे साधन त्यांना विनामूल्य मिळणे २००५ मध्ये बंद झाले, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी थोड्याच दिवसांत स्वतःचे साधन तयार केले. तेच गिट. प्रत्येक टप्प्यावर काय बदलले, कोणी, केव्हा आणि कशासाठी, याची नोंद ते ठेवते. या नोंदीला कमिट म्हणतात. जुनी प्रत केव्हाही परत काढता येते.

आपल्या नववीतील एका विद्यार्थ्याला एका मुक्त प्रोग्रॅमच्या माहितीपानावर फाइलचे नाव चुकलेले आढळले. मुक्त म्हणजे ज्याची मूळ संहिता सर्वांना पाहता येते, सुधारताही येते. तो मला म्हणाला, “सर, मी हात लावला आणि सगळे बिघडले तर?”

ही भीती रास्त आहे. पण गिटमध्ये नवशिक्याचा हात मूळ प्रतीला लागतच नाही. गिटहबसारख्या संकेतस्थळावर आधी त्या प्रकल्पाची आपल्या नावावर एक प्रत घ्यायची, हा फोर्क. ती आपल्या संगणकावर उतरवायची, हा क्लोन. मग ब्रँच नावाची वेगळी फांदी काढून तिच्यावर दुरुस्ती करायची, कमिट करायचे आणि पुश करून आपल्या फोर्कवर पाठवायचे. शेवटी मूळ प्रकल्पाच्या चालकांना विनंती करायची की हा बदल पाहा, योग्य वाटल्यास घ्या. ती पुल रिक्वेस्ट. त्यांनी होकार दिल्याशिवाय मूळ प्रतीतले एक अक्षरही हलत नाही. (शब्द इंग्रजी आहेत खरे, पण मोजून सात-आठ. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मलाही ते पाठ झाले.)

त्याची विनंती पहिल्या खेपेस परत आली. दुरुस्ती बरोबर होती, परंतु कमिटच्या संदेशात त्याने नुसते ‘बदल केला’ असे लिहिले होते. कोणता बदल आणि का, हे चालकांनी विचारले. बिचारा हिरमुसला. मी त्याला त्याचीच निबंधाची वही दाखविली. तिच्यातही शेरे आहेतच. दुसऱ्या खेपेस त्याने दोन ओळी नीट लिहिल्या आणि दुरुस्ती स्वीकारली गेली.

पालकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. कमिटमध्ये नाव आणि ई-मेल पत्ता नोंदला जातो, आणि उघड प्रकल्पात तो कोणालाही दिसतो. मागाहून पुसणे अवघड. म्हणून गिटहबने दिलेला, खरा पत्ता झाकणारा पर्यायी पत्ता सुरुवातीलाच लावून घ्यावा. पासवर्ड तर कोणत्याही फाइलीत लिहू नये. पुढच्या कमिटमध्ये तो खोडला तरी मागच्या नोंदीत राहतोच. तेथे खाते उघडण्यास वयाची किमान १३ वर्षे पूर्ण असावी लागतात.

यंदाच्या वार्षिक अंकाचा मजकूर आपण गिटमध्येच ठेवणार आहोत. दुरुस्त्या बाईंच्या नावानेच नोंदल्या जातील.