विनंती अडली कुठे?

शाळा, नाट्यसंस्था, वाचनालयं, एखादे निवृत्त प्राध्यापक, अशा मंडळींना स्वतःची वेबसाइट स्वतःच्या सर्व्हरवर उभी करायला मी मदत करतो. कुणी महिन्याला थोडं भाडं भरून सर्व्हर घेतं, तर कुणी घरातल्या जुन्या संगणकावरच साइट चालवतं. संस्थेचे अहवाल, छायाचित्रं, ग्रंथसूची आपल्या ताब्यात असावीत, दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नयेत, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच पहिल्या आठवड्यात कुणी हात टेकले की वाईट वाटतं, कारण ही माणसं अडतात त्या जागा बहुतेक वेळा ठरलेल्या असतात.

साइट उघडली नाही की सगळं पुसून पुन्हा टाकायचं, हा सर्रास केला जाणारा उपाय. तो करू नका. बिघाडाचा मागच त्याने पुसला जातो. वाचकाच्या ब्राउझरमधून निघालेली विनंती आधी नावाचा पत्ता शोधते, मग त्या पत्त्यावरच्या यंत्रापर्यंत जाते, तिथलं पोर्ट, म्हणजे आत शिरण्याचं क्रमांकाचं दार, उघडं असेल तर वेब सर्व्हरला भेटते आणि शेवटी डेटाबेसपर्यंत पोचते. ती यातल्या कुठल्या टप्प्यावर अडली, एवढंच आधी शोधायचं. तोवर एकाही सेटिंगला हात लावायचा नाही. पुढे लावाल तेव्हाही एका वेळी एकच बदल करा.

नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाची मुदत असते. ती ८६,४०० सेकंद ठेवली असेल, तर तुम्ही पत्ता बदलल्यावरही जगातले इतर सर्व्हर दिवसभर जुनाच पत्ता सांगू शकतात. साइट हलवायची असेल तर आदल्या दिवशीच ही मुदत ३०० सेकंदांवर आणून ठेवावी. आणखी एक खोच आहे. 'लॅपटॉपवर दिसते, मोबाइल डेटावर दिसत नाही' अशी तक्रार आली की मी आधी क्वाड-ए रेकॉर्ड, म्हणजे डीएनएसमधली आयपीव्ही६ पत्त्याची नोंद, पाहतो. आपल्याकडची मोबाइल नेटवर्कं मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर चालतात. जुन्या होस्टिंगचा आयपीव्ही६ पत्ता त्या नोंदीत तसाच राहिला असेल, तर मोबाइलवाले जुन्याच दारात जाऊन उभे राहतात.

पत्ता बरोबर आहे, तरी साइट उघडत नाही? मग ब्राउझर काय म्हणतो ते शब्दन् शब्द वाचा. 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट' आणि 'टूक टू लाँग टू रिस्पॉन्ड' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात यंत्रापर्यंत आपण पोचलो आणि त्याने तत्काळ नकार दिला. तिथे बहुधा वेब सर्व्हर बंद असतो, किंवा तो फक्त १२७.०.०.१ या स्वतःशीच बोलण्याच्या पत्त्यावर ऐकत बसलेला असतो. दुसऱ्यात उत्तरच येत नाही. बहुधा वाटेत एखादी फायरवॉल विनंती गिळून टाकते. कडी वाजवल्यावर आतून 'कुणी नाही' असं ऐकू येणं आणि नुसतीच शांतता असणं, तसा हा फरक. भाड्याच्या सर्व्हरवर बऱ्याचदा दोन फायरवॉल असतात, एक यंत्रातली आणि दुसरी होस्टिंगच्या पॅनेलमधली. लोक पहिलीत ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) ही पोर्टं उघडतात आणि दुसरी आहे हेच त्यांना ठाऊक नसतं.

घरी सर्व्हर ठेवणाऱ्यांची अडचण याहून अवघड, आणि ती कुणी आधी सांगत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, सगळं तपासलं, तरी बाहेरून काही येत नाही. अशा वेळी राउटरच्या पानावरचा वॅन आयपी पाहा आणि 'माझा आयपी काय' असं सांगणाऱ्या एखाद्या साइटवरचा आयपी पाहा. दोन्ही वेगळे असले आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ मध्ये जेमतेम ४२९ कोटी पत्ते आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून ब्रॉडबँड कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात; हेच सीजीनॅट. त्यासाठीच हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. इथे राउटरशी कितीही झटापट केली तरी व्यर्थ, कारण अडसर तुमच्या घरात नाहीच. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर टनेल वापरा. टनेलमध्ये तुमचा सर्व्हर स्वतःहून बाहेरच्या एका सर्व्हरशी जोडून राहतो आणि वाचक त्या वाटेने आत येतात.

आणि हो, घरच्या वायफायवर बसून घरचीच साइट तपासू नका. कित्येक राउटरांना आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी विनंती हाताळता येत नाही. साइटऐवजी राउटरचंच लॉगिन पान समोर येतं. मोबाइलचं वायफाय बंद करा आणि डेटावर पाहा.

कुलपाचं चिन्ह देणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. ते आजवर सहसा ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होत राहतं. ते नवं झालं नाही तर बहुधा कुणीतरी 'आता एचटीटीपीएस आहे, मग ८० कशाला' म्हणून ते पोर्ट बंद केलेलं असतं. नेहमीच्या पद्धतीची पडताळणी त्याच पोर्टवरून होते.

पान उघडतं पण त्यावर आकडा दिसतो, तेव्हा तर आनंदच मानावा. विनंती सर्व्हरपर्यंत आली आहे. ५०२ म्हणजे वेब सर्व्हर जागा आहे, पण त्याच्या मागचा पीएचपीसारखा प्रोग्राम उत्तर देत नाही. ४०३ आला तर फाइलींच्या परवानग्या पाहा : फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ सहसा पुरतात. सगळ्याला ७७७ देऊन मोकळं होण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. त्या यंत्रावरचा कुठलाही प्रोग्राम तुमच्या फाइली बदलू शकेल. आकड्यामागचं कारण एरर लॉगच्या शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं. ते कोरडं, तांत्रिक वाटतं म्हणून लोक टाळतात, पण पाऊण तास गूगल करण्यापेक्षा त्या ओळी शांतपणे वाचणं लाभाचं.

आता खास आपल्या भाषेचं दुखणं. एका जुन्या वाचनालयाची ग्रंथसूची नव्या सर्व्हरवर हलवली, तर इंग्रजी पुस्तकं जशीच्या तशी आणि मराठी पुस्तकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. नव्या डेटाबेसमधला तक्ता लॅटिन अक्षरसंचाचा होता. त्याला ही चिन्हं साठवताच येईनात, म्हणून त्याने प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. ती अक्षरं तिथून परत मिळत नाहीत. जुन्या सर्व्हरची प्रत जपून ठेवलेली होती, म्हणून सूची वाचली.

याउलट प्रश्नचिन्हांऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर धीर सोडू नका. नीट पाहिलंत तर एकेका अक्षरचिन्हाच्या जागी तीन-तीन चिन्हं दिसतील. पहिलं नेहमी डोक्यावर तिरपी रेघ असलेलं इंग्रजी ए. दुसरं चार कोपऱ्यांत टोकं फुटलेलं वर्तुळ, नाहीतर दीर्घ ईकार, एकार, ओकार किंवा हलन्त यांसारखं काही असेल तिथे जपानी येनची खूण. हा साचा दिसला की बाइट बहुधा शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जात आहेत. आधी बॅकअप घ्या, मग तो स्तंभ बायनरी करून तिथून यूटीएफ८एमबी४ करा.

हे एमबी४ विसरू नका. मायएसक्यूएलमधलं जुनं 'यूटीएफ८' तीनच बाइटांचं होतं. मराठी त्यात बसते, चार बाइटांचा इमोजी बसत नाही. काही सर्व्हरांवर बातमीतला मजकूर बरोबर इमोजीपाशी तुटून पुढचं सगळं गायब होई. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ या आवृत्तीत एमबी४ स्वीकारलं आणि मायएसक्यूएलने २०१८ च्या ८.० मध्ये तेच मूळ सेटिंग केलं, पण जुन्या साइटवरून आलेले तक्ते आपोआप बदलतातच असं नाही.

सगळं सुरळीत चालू लागलं की एक परीक्षा मी सक्तीने घ्यायला लावतो. सर्व्हर रीस्टार्ट करायचा आणि कीबोर्डला हात न लावता साइट वर येते का पाहायचं. पुष्कळदा वेब सर्व्हर हाताने चालू केलेला असतो, पण यंत्राबरोबर आपोआप सुरू व्हायला सांगितलेला नसतो. मग रात्री वीज गेली की सकाळी साइट बंद. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाच्या जुन्या मॉडेलांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज आल्यावर इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत ते मागच्या तारखेत राहतं आणि प्रमाणपत्रांच्या तपासण्या फसतात. अशा वेळी काही बदलण्याआधी तारीख पाहा आणि राउटर सुरू व्हायला पाच मिनिटं द्या.