कॅम्पसचं वायफाय आणि 'डोन्ट व्हॅलिडेट'चा मोह

जुलै-ऑगस्ट आला की आपल्या काचीगुडा, कोठीतल्या घरांमधून मुलं वसतिगृहात राहायला जातात. कुणी गच्चीबावलीच्या विद्यापीठात, कुणी सोलापूरच्या रस्त्यावर संगारेड्डीच्या अलीकडे लागणाऱ्या कंदीच्या आयआयटीत. आई चकल्यांचा डबा देते, बाबा नवा लॅपटॉप. आणि पहिल्याच रात्री घरी फोन येतो, "वायफाय लागत नाहीये!"

शेजारच्या खोलीतला सीनियर उपाय सांगतो : "सर्टिफिकेटच्या जागी 'डोन्ट व्हॅलिडेट' कर, लगेच लागेल." लागतंही. पण मित्रमैत्रिणींनो, नेमकं तेवढंच करू नका.

घरच्या वायफायला सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असतो, शेजारच्या काकूंनाही तो पाठ असतो. विद्यापीठात बहुतेक ठिकाणी प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा. लॅपटॉप आधी संस्थेच्या सर्व्हरशी एक बंदिस्त मार्ग तयार करतो आणि मग त्यातून पासवर्डची तपासणी होते. पलीकडे खरंच आपलीच संस्था आहे, हे सांगणारं ओळखपत्र म्हणजे ते सर्टिफिकेट. ते तपासायचंच नाही म्हटलं, की त्याच नावाचं खोटं वायफाय चालू करून कँटीनमध्ये बसलेल्या माणसाशीही तुमचा लॅपटॉप आनंदाने बोलू लागतो. पासवर्ड उघडा जात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. या कामी सर्रास वापरली जाणारी एमएस-चॅपव्ही२ ही पद्धत एका दिवसात फोडता येते, हे २०१२ सालीच अमेरिकेतल्या डेफकॉन परिषदेत दाखवून झालं आहे. आणि बऱ्याच संस्थांत त्याच पासवर्डवर ईमेल, फी आणि निकालही उघडतात. म्हणूनच २०२० च्या अखेरीस अँड्रॉइड ११ मधून हा पर्याय काढायला सुरुवात झाली. जुन्या फोनवर मात्र तो अजून दिसतो.

मग करायचं काय? संगणक केंद्राच्या सूचनापत्रात सर्व्हरचं नाव, म्हणजे डोमेन, दिलेलं असतं. ते त्या रकान्यात अक्षरशः तसंच भरा. विंडोज पहिल्यांदा जोडताना 'हे नेटवर्क इथे अपेक्षित आहे का?' अशा अर्थाचा प्रश्न विचारतं, मॅक सर्टिफिकेट समोर ठेवतो. तिथे दोन मिनिटं थांबून नाव जुळवून पाहा. सगळं बरोबर असूनही सर्टिफिकेट नाकारलं जात असेल, तर लॅपटॉपवरची तारीख बघा. हसू नका, चुकलेलं घड्याळ हे अगदी नेहमीचं कारण आहे.

काही ठिकाणी यंत्राचा मॅक ॲड्रेस आधी नोंदवावा लागतो. आजकालचे फोन आणि लॅपटॉप खाजगीपणासाठी खोटा, बदलता ॲड्रेस दाखवतात, त्यामुळे नोंद जुळत नाही. त्या एका नेटवर्कपुरतं हे 'रँडम' बंद करायचं.

तुमच्या संस्थेत 'एडुरोम' असेल तर मजाच. २००२ साली नेदरलँड्समध्ये सुचलेली ही कल्पना आज शंभराहून जास्त देशांत आहे, भारतात ती इरनेट ही सरकारी संस्था चालवते. हैदराबादच्या नावा-पासवर्डवर मुंबईच्या आयआयटीत किंवा जर्मनीतल्या विद्यापीठात वायफाय मिळतं. तिथले लोक तुमचा पासवर्ड बघत नाहीत, तो बंद लिफाफ्यासारखा तपासणीला तुमच्याच संस्थेकडे येतो. त्यासाठी लिफाफ्यावर पत्ता हवा. म्हणून नुसता रोल नंबर न लिहिता 'ॲट'नंतरचा संस्थेचा पत्ताही लिहायचा. नुसत्या नंबरावर आपल्या कॅम्पसमध्ये कदाचित चालून जाईल, बाहेर नाही. संस्थेने सोय केली असेल तर 'गेटएडुरोम' ॲप सर्टिफिकेटसकट सगळं आपोआप बसवतं. मात्र ते उतरवायलाही इंटरनेट लागतं, तेव्हा हे काम घरूनच उरकून निघा.

रूममेटला पासवर्ड 'फक्त आजच्या दिवस' देणं टाळा. त्याने काहीही उघडलं तरी संस्थेच्या नोंदीत नाव तुमचं राहतं. त्याला फोनचं हॉटस्पॉटही देऊ नका, मोबाइल डेटा असेल तर गोष्ट वेगळी. आणि पासवर्ड बदललात की लॅपटॉप आणि फोन दोन्हीवर ते नेटवर्क 'फॉरगेट' करून नव्याने जोडा. नाहीतर खिशातला फोन जुनाच पासवर्ड पुन्हापुन्हा पाठवत राहतो आणि ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री खातं कुलूपबंद होऊ शकतं.