एक्झॉस्ट इंधन इंजेक्टरमधील विद्युत दोष
एक्झॉस्ट इंधन इंजेक्टर ही काही अवजड डिझेल वाहनांच्या धूरनळीत इंधनाचा फवारा सोडणारी विद्युतचुंबकीय झडप होय. भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली; त्यांसाठी बसवलेल्या गाळणीत साचलेली काजळी या फवाऱ्याच्या उष्णतेने जाळली जाते. फवारा थांबला की गाळणी तुंबते व इंजिनाची शक्ती घटते.

स्कॅनरवर ‘सर्किट खंडित’ असा कोड दिसला, म्हणजे इंजेक्टरच निकामी झाला असे नव्हे. घाईने तो बदलणे हा व्यर्थ खर्च होय. इंजिन थंड असताना कनेक्टर सोडवून मल्टीमीटरने कॉइलचा रोध मोजतात. रोध अनंत असल्यास कॉइल तुटलेली, जवळजवळ शून्य असल्यास शॉर्ट झालेली असते. तो उत्पादकाच्या मर्यादेत असल्यास दोष वायरिंगमध्ये किंवा पिनांत शोधावा लागतो. खारदांड्यासारख्या समुद्रकाठच्या वस्तीत खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट कळंक चढतो, म्हणून तेथे कनेक्टर आधी पाहणे इष्ट.